डॉक्टर टिलमनच्या अकरा पेट्या

१

सोमवारी सकाळी सव्वासातला मी तळघरातल्या खोलीचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि दारातच थांबले. समोरचं लोखंडी फडताळ रिकामं होतं. फळ्यांवर धुळीचा थर आणि त्या थरात अकरा स्वच्छ चौकोन.

डॉक्टर होरेस टिलमनच्या पेट्या गेल्या होत्या.

मी ओझेला मॅकनीली. मेम्फिसच्या आमच्या मेडिकल कॉलेजात, त्वचारोग विभागात, एकतीस वर्षं परिचारिका. त्यातली एकोणीस वर्षं मुख्य. टिलमनसाहेब या विभागातले पहिले काळे डॉक्टर. एकाहत्तर साली त्यांना दवाखान्याला जागा दिली ती बॉयलरच्या शेजारी. चाळीस वर्षं आमची माणसं त्या उकाड्यात बाकावर बसून राहिली आणि बरी होऊन गेली. साहेबांनी स्वतःच्या पैशाने कॅमेरा घेतला आणि रोग्याला विचारून, त्याने हो म्हटलं तरच फोटो काढले. वरच्या मजल्यावरच्या जाडजूड पुस्तकांत सगळी कातडी गोरी. "ओझेला," ते म्हणायचे, "या पुस्तकांप्रमाणे आपल्याला रोगच होत नाहीत बघ. फार निरोगी जमात आहे आपली!"

त्या फोटोंच्या दोन हजार चारशे स्लाइड, उजेडासमोर धरून बघायच्या. प्रत्येकीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर माणसाचं नाव आणि राहायचा रस्ता. नावं साहेब सांगायचे, लिहायची मी; मी येण्याआधीच्या चौकटीही मीच नव्याने लिहिल्या. मरण्याआधी सगळं त्यांनी कॉलेजला दिलं. पत्र्याच्या अकरा पेट्या.

येत्या शुक्रवारी त्यांचं नशीब उघडणार होतं. विभागाने 'प्रत्येक त्वचा' नावाचा चित्रकोश काढला होता, साहेबांच्या स्लाइडवरून. शुक्रवारी दुपारी प्रकाशन होतं. साहेबांची मुलगी मार्वा अटलांटाहून येणार होती. तिने मागच्या आठवड्यात एकच मागणी केली: पुस्तकासोबत माझ्या वडिलांच्या मूळ स्लाइडही मांडा.

विभागप्रमुख डॉक्टर वॉरन एल्डरिज खाली आले. रिकाम्या फडताळाकडे त्यांनी धड पाहिलंही नाही.

"चावीच्या वहीत शेवटची सही कोणाची, ओझेला?"

मी वही उघडली. शनिवार, दुपारी चार. सही वाचून मी वही मिटली.

"सांग की."

"डॉक्टर ब्रँच."

"वाटलंच होतं मला," ते म्हणाले, आणि माणूस जिंकल्यावर हसतो तसे हसले.

२

टॅलिसा ब्रँच आमची दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर. ज्या शहरात तिघांमागे दोघं काळी, तिथे आमच्या बारा निवासी डॉक्टरांत काळी ही एकटी. कॉलेजच्या प्रत्येक माहितीपत्रकावर तिचा हसरा फोटो आहे. एवढे फोटो की बाहेरच्याला वाटावं इथे सगळ्या ब्रँचच काम करतात.

ती कपडे बदलायच्या खोलीत सापडली. बाकावर बसलेली, बुटाची नाडी हातात, बूट जमिनीवर.

"मिस ओझेला," ती म्हणाली; आमच्याकडे थोरल्या बाईला मानाने 'मिस' लावतात. "मी चोरी केली नाही."

"मी विचारलं का?"

"तुम्ही सोडून सगळ्यांनी विचारलं."

मग तिने ब्रियाना बोल्डनचं नाव काढलं. ते प्रकरण मलाही माहीत होतं, कारण मी तिथेच होते. ब्रियाना चोवीस वर्षांची, शाळेची बस चालवते. त्याआधीच्या मंगळवारी दवाखान्यात आली. लघवीच्या जळजळीवर कुठल्याशा दवाखान्यात सल्फाच्या गोळ्या दिलेल्या. डोळे चुरचुरत होते, ओठ दुखत होते आणि तळहातावर करडे-जांभळे डाग. टॅलिसाला शंका आली. तिने एल्डरिजना फोन लावला. ते वर लेसरच्या दालनात होते, सुरकुत्या काढत. फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवलेला, म्हणून मीही ऐकलं.

"चित्रकोशाची पानं आहेत ना तुझ्या फोनवर? अठ्ठ्याऐंशी बघ. औषधाचा धोकादायक पुरळ. जुळतोय का?"

"नाही सर. चित्रात विटकरी लाल आहे, हिचा करडा आहे. पण सर, तुम्ही एकदा खाली येऊन..."

"जुळत नाही ना? खाजेची गोळी दे, घरी पाठव."

गुरुवारी ब्रियानाची कातडी सुटायला लागली. ती आता जळितांच्या विभागात होती. जगेल असं म्हणत होते. डोळ्यांचं कोणीच काही बोलत नव्हतं.

"म्हणून शनिवारी मी खाली गेले," टॅलिसा म्हणाली. "मला बघायचं होतं, टिलमनसाहेबांच्या रोग्यांत तसा करडा डाग होता का."

"होता?"

"सहा जणांना, मिस ओझेला. सहा! हुबेहूब तिच्यासारखा." तिने डोळे पुसले. "पण पान अठ्ठ्याऐंशीचं चित्र काही मिळेना. खाली लिहिलंय, पेटी सात, स्लाइड दोनशे बारा. सातवी पेटी अख्खी चाळली. रविवारी सकाळी चित्रकोशाच्या संपादक कॅलोवे मॅडमना निरोप पाठवला, की ती स्लाइड कुठे आहे. म्हणाल्या, 'तू त्रास करून घेऊ नकोस, राणी, मी शोधून देते.' आणि आज पेट्याच नाहीत."

दारावर टकटक झाली. कार्यालयातून चिठ्ठी आली होती. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता चौकशी समिती. विषय दोन: रुग्णाबाबत निष्काळजीपणा आणि कॉलेजच्या मालमत्तेची चोरी.

टॅलिसाने चिठ्ठी माझ्या हातात दिली. "बारातली एक होते," ती म्हणाली. "आता शून्य. आकडा सरळ होईल त्यांचा."

३

मला चौकशी करायचा अधिकार नव्हता. पण माझ्याकडे वस्तूंची यादी होती. यादी हातात धरून परिचारिका कुठेही शिरू शकते आणि तिच्यासमोर माणसं काहीही बोलतात, भिंतीसमोर बोलावं तसं.

आधी एल्डरिज.

"पेट्या गेल्या तर काय आभाळ कोसळलं?" ते म्हणाले. "पुस्तक छापून झालंय. ती खोली मला तीन वर्षांपासून लेसरच्या दुसऱ्या यंत्रासाठी हवी आहे. तुला सांगतो ओझेला, त्या मुलीला राग आहे. स्वतःच्या चुकीचा राग विभागावर काढलाय तिने."

"चूक तिची होती का, सर?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझी यादी झाली का?"

खोली हवी होती, म्हणजे कारण त्यांच्याकडेही होतं. पण ज्याला पेट्या टाकायच्या असतात तो शिपायाला सांगून टाकतो. प्रमुखाला चोरीची गरज काय?

मग रस्टी पर्विस. कॉलेजचा छायाचित्रकार, लालसर दाढीचा, जून महिन्यात ज्याची नोकरी संपणार होती असा. जुने कॅमेरे इंटरनेटवर विकतो हे सगळ्यांना ठाऊक. मी सरळच विचारलं.

"मिस ओझेला, मी भंगार विकतो, माणसं नाही विकत," तो म्हणाला. चिडला होता, पण माझ्यावर नाही. "माझा अपमान काय झालाय ते विचारा ना! एवढा मोठा चित्रकोश निघाला आणि माझ्याकडून एक स्लाइड उतरवून घेतली नाही. हे बघा." कोपऱ्यातल्या यंत्रावरचं फडकं त्याने ओढलं. धूळ उडाली. "स्लाइड संगणकात उतरवायचं यंत्र. अख्ख्या कॉलेजात हे एकच. दिवा दोन वर्षांपूर्वी जळाला. नवा मागितला तर म्हणे, गरज नाही. कॅलोवे मॅडम म्हणाल्या, काम बाहेर दिलंय."

"बाहेर कुठे?"

"मला विचारता? पेट्या खोलीबाहेर गेलेल्या मी तरी कधी पाहिल्या नाहीत. तुम्ही पाहिल्यात?"

मी पाहिल्या नव्हत्या. चावीची वही माझ्याकडे असते.

शेवटी डॉक्टर मेरेडिथ कॅलोवे. विभागाच्या विविधता आणि समावेशन समितीच्या प्रमुख, चित्रकोशाच्या संपादक. विभागात त्यांच्याइतकं गोड कोणी नाही. माझ्या नवऱ्याच्या मयतीला त्या चर्चमध्ये शेवटपर्यंत बसल्या होत्या, मला मिठी मारून रडल्या होत्या. त्यांनी लिंबाच्या केकचा तुकडा पुढे केला.

"माझं काळीज तुटलंय, ओझेला. प्रत्येक स्लाइड मी स्वतः उजेडासमोर धरून पाहिली होती. काय शिस्त त्या माणसाची! प्रत्येकीवर नंबर, सुबक अक्षरात. तेच नंबर मी चित्राखाली छापलेत, त्यांचा मान म्हणून."

"शनिवारी ब्रँच खाली गेली होती म्हणतात."

"बिचारी." त्यांनी सुस्कारा टाकला. "मी तिच्या बाजूने बोलणार आहे समितीत. म्हणणार आहे, शिक्षा सौम्य करा. तिच्यावर कसला ताण आहे हे आपल्याला नाही कळणार."

'आपल्याला' म्हणे! मी केक खाल्ला. बशी टेबलावर ठेवली आणि उठले. जिन्याच्या चौथ्या पायरीवर माझा पाय थबकला.

सुबक अक्षरात नंबर?

त्या स्लाइडवर नंबर नव्हतेच. नावं होती. आणि अक्षर माझं होतं.

४

दुपारी मी चित्रकोशाची प्रत मिळवली. गुळगुळीत कागद, चकचकीत वेष्टण. कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, माशाच्या तुकड्यांची थाळी बाजूला सारून, पान अठ्ठ्याऐंशी उघडलं.

एक उघडा हात. तळहात वर. त्यावर विटकरी लाल पुरळ. खाली लिहिलेलं: टिलमन संग्रह, पेटी सात, स्लाइड दोनशे बारा. शेजारी त्याच हाताची पाठीकडची बाजू: करंगळी बाहेर वाकलेली, अंगठ्याच्या नखावर उभी चीर.

मी बराच वेळ बघत बसले. काहीतरी चुकत होतं. मग पानाचा कोपरा दाबायला मी माझा हात चित्राशेजारी ठेवला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझ्या हाताची पाठ काळी आहे. तळहात फिका गुलाबी, त्यातल्या रेषा गडद. माझ्या आईचा असाच होता, माझ्या नातवाचा असाच आहे. जगातल्या कुठल्याही काळ्या माणसाचा तळहात त्याच्या हाताच्या पाठीपेक्षा फिका असतो. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. कधी एखाद्या काळ्या माणसाचा हात हातात धरलेला असला की पुरे.

चित्रातला तळहात पाठीइतकाच काळा होता. एकसारखा, भिंतीला रंग दिल्यासारखा.

मी पानं उलटत गेले. तळपाय काळेठिक्कर. नखांखालची कातडीसुद्धा काळी. एका चित्रात घड्याळाच्या पट्ट्याखालचा फिका भाग, भर उन्हाळ्यात गोऱ्या मनगटावर उमटतो तसा स्वच्छ.

मी तशीच उठून ग्रंथालयात गेले. विभागात सगळे शिकतात ते जुनं जाड पाठ्यपुस्तक काढलं आणि औषधाच्या पुरळांचा भाग उघडला. तोच हात. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली, अंगठ्याच्या नखावर तशीच उभी चीर. फक्त तो हात गोरा होता आणि पुरळ लालभडक.

म्हणजे असं. गोऱ्या माणसाचा फोटो घ्यायचा, संगणकात काळा करायचा आणि खाली एका मेलेल्या काळ्या डॉक्टरचं नाव टाकायचं. लाल रंगावर तपकिरी चढवला की विटकरी होतो. ब्रियानाच्या हातावर विटकरी कधी दिसणारच नव्हता. तिच्या हातावर करडा होता, जसा टिलमनसाहेबांच्या सहा रोग्यांच्या हातावर होता, जो या पुस्तकात कुठेच नव्हता.

पेट्या का गेल्या, हेही आता उघड होतं. मूळ स्लाइड शेजारी मांडली असती तर शुक्रवारी प्रत्येक पाहुण्याला फरक दिसला असता. मार्वाची मागणी मागच्या आठवड्यात आली. टॅलिसाचा प्रश्न रविवारी सकाळी गेला. आणि सोमवारी सकाळी फडताळ रिकामं.

पण हे सगळं माझ्या डोक्यात होतं. मुख्य परिचारिका एका बाजूला आणि तीन पुरस्कार मिळवलेली प्राध्यापिका दुसऱ्या बाजूला. पेट्या सापडल्याशिवाय माझं कोण ऐकणार होतं?

५

कॉलेजबाहेर साधी खुर्चीसुद्धा न्यायची तरी गेटपास लागतो. आणि गेटवर बसतात मिस्टर ल्यूशस, माझ्याच चर्चमधले, ज्यांच्या वहीतून उंदीर निसटत नाही.

"रविवारी आत-बाहेर कोण आलं-गेलं, ल्यूशस?"

"कॅलोवे मॅडम. जेवणानंतर आल्या, पुस्तकं घेऊन. दहा खोके. मीच मोजले." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "ढकलगाडी मागितली; ती तळघरात असते, म्हणून मी चाव्यांचा जुडगा दिला. म्हटलं मदत करू का, तर म्हणे नको, तुमची कंबर सांभाळा. दोन तास लागले बाईला! दहा खोके लावायला दोन तास!"

"जाताना काही नेलं?"

"पर्स. मी पास बघितल्याशिवाय काही जाऊ देत नाही, तुला माहीत आहे. पास आहे तो शुक्रवार संध्याकाळचा. शाळांना वाटायची पुस्तकं. अकरा खोके."

"किती?"

"अकरा." आणि मग तेही थांबले. "दहा आत आले आणि अकरा बाहेर जाणार? आणि मधे समारंभात वाटणार ती वेगळीच! ओझेला, पुस्तकं व्याली की काय?"

मी वर धावले नाही; या गुडघ्यांनी धावणं होत नाही. पण सभागृहात पोचले. मंचामागच्या पडद्याआड खोके रचलेले होते, सगळ्यांवर 'प्रत्येक त्वचा'ची चिठ्ठी. मी मोजले. पुन्हा मोजले.

एकवीस.

मागच्या रांगेतल्या एका खोक्याला मी पायाने ढकललं. पुस्तकांचा खोका हलताना आवाज करत नाही. या खोक्यातून पत्र्याचा आवाज आला.

उघडावंसं फार वाटत होतं. उघडला नाही. मी एकटीने उघडला असता तर म्हणाले असते, हिनेच ठेवल्या. चोराच्या उलट्या बोंबा मी एकतीस वर्षं ऐकल्या आहेत. मी ल्यूशसना सांगून सभागृहाला कुलूप घालायला लावलं आणि अटलांटाला फोन केला.

"मार्वा, बाळा, शुक्रवारी दुपारी नको येऊस. सकाळी नऊला ये."

६

चौकशी समिती त्याच सभागृहात बसली, कारण दुपारच्या समारंभासाठी खुर्च्या तिथेच मांडलेल्या. एल्डरिज मधे. बाजूला कॅलोवे आणि डीनच्या कार्यालयातले एक गृहस्थ, डॉक्टर हॅस्केल. समोर एकटी टॅलिसा, इस्त्री केलेला पांढरा कोट घालून.

मी कॉफी घेऊन आत गेले. कॉफी आणणाऱ्या बाईला कोणी बाहेर काढत नाही. माझ्यामागे मार्वा टिलमन आली, उंच, वडिलांसारखीच, आणि मागच्या खुर्चीवर बसली.

"ही बंद सभा आहे," एल्डरिज म्हणाले.

"माझ्या वडिलांच्या वस्तूंच्या चोरीची आहे ना?" मार्वा म्हणाली. "मग मी बसते."

मी किटली ठेवली. "हॅस्केल सर, दोन मिनिटं. पुस्तकाचं पान अठ्ठ्याऐंशी काढा."

"ओझेला!" एल्डरिज.

"मिस मॅकनीली," मी म्हणाले. "एकतीस वर्षांत आज पहिल्यांदा सांगते. मिस मॅकनीली म्हणा."

हॅस्केलनी पान काढलं. मी माझा हात चित्रावर ठेवला, पाठ वर. मग पालथा हात उताणा केला. बस, एवढंच केलं. हॅस्केलनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. टॅलिसा उठून जवळ आली, आणि तिच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज निघाला.

"मी फोनवर पाहिलं होतं," ती म्हणाली. "नखाएवढं चित्र. फक्त पुरळ पाहिला. हात पाहिलाच नाही."

मग मी जुनं पाठ्यपुस्तक शेजारी उघडलं. तीच करंगळी, तीच चीर. स्लाइडवर नंबर नव्हते हे सांगितलं. दोन वर्षं जळलेल्या दिव्याचं यंत्र सांगितलं. दहा आणि अकरा सांगितलं. आणि पडदा ओढला.

"मागच्या रांगेतला कुठलाही उघडा, सर. तुमच्या हाताने."

हॅस्केलनी चिकटपट्टी फाडली. आत पत्र्याची हिरवी पेटी. मार्वाने झाकण वर केलं, एक स्लाइड खिडकीकडे धरली आणि मोठ्याने वाचलं: "मिसेस लोरेटा ओडम, साउथ पार्कवे."

कॅलोवे रडत होत्या. खरंच रडत होत्या, नाटक नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

"तुम्हाला नाही कळणार," त्या म्हणाल्या. "अनुदानाची मुदत होती. दोन हजार स्लाइड उतरवायला वर्षं गेली असती. छापखाना म्हणाला, इतकी गडद चित्रं नीट उठणार नाहीत. मला वाटलं, काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं. मी हे तुमच्यासाठीच केलं, ओझेला! तुमच्या लोकांसाठी!"

"आमच्यासाठी?" माझा आवाज इतका वर गेला की दाराबाहेर थांबलेले ल्यूशस आत डोकावले. "आमची चोवीसशे माणसं तळघरात बसली होती, मॅडम. नावासकट. तुम्हाला दोन जिने उतरवले नाहीत! तुम्हाला आमची कातडी हवी होती, आम्ही नको होतो. आणि सापडायची वेळ आली तेव्हा बळी कोणाचा द्यायला निघालात? या पोरीचा. वर तिच्या बाजूने बोलणार होतात!"

 मग एल्डरिजनी घसा साफ केला, आणि त्या क्षणी मला कळलं की हा माणूस कशानेच लाजणार नाही.

"हे बघा, आपण समंजस माणसं आहोत. समारंभ पुढे ढकलू. छपाईत दोष निघाला म्हणून पुस्तक मागे घेऊ. डॉक्टर ब्रँचवरची चोरीची तक्रार मागे. रुग्णाचं प्रकरणही... सौम्यपणे मिटवता येईल. सगळ्यांचंच भलं. फक्त ही गोष्ट या खोलीबाहेर जायला नको."

सगळ्यांनी टॅलिसाकडे पाहिलं. तिचं सगळं आयुष्य त्या वाक्यात होतं, तिलाही कळत होतं.

"रुग्णाचं प्रकरण म्हणजे ब्रियाना बोल्डन," ती म्हणाली. "तिची आई चौथ्या मजल्यावर बसली आहे. मी आत्ता तिच्याकडे जाते आहे. सर, तुम्ही येता का?"

एल्डरिज आले नाहीत.

७

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. पुस्तक मागे घेतलं गेलं. कॅलोवेंनी 'घरगुती कारणांसाठी' राजीनामा दिला, आणि सात महिन्यांनी दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात त्यांना तेच पद मिळालं, समावेशन प्रमुख. एल्डरिज अजून प्रमुख आहेत. त्यांच्यावर ठपका ठेवायचा की नाही याची समिती अजून बसते आणि उठते. टॅलिसा राहिली. अकरा पेट्या मार्वाने त्याच दिवशी गाडीत घातल्या. गेटपास मीच लिहिला. आता ती एकेक पेटी पाठवते, टॅलिसाच्या नावाने, आणि रस्टीने स्वतःच्या खिशातून आणलेल्या दिव्यावर ती उतरवली जाते. विभाग त्याला 'स्वयंस्फूर्त उपक्रम' म्हणतो, म्हणजे त्यासाठी एक पैसा देत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या शुक्रवारचं.

ग्लेंडा बोल्डन जळितांच्या विभागाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पोस्टात काम करते, तोच गणवेश अंगावर. टॅलिसा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि सगळं सांगितलं. मंगळवारचा फोन. चित्र. गोरा हात. काहीही झाकलं नाही.

ग्लेंडाने मधे एकदाच विचारलं, "तुला शंका आली होती?"

"हो, मॅडम."

"तरी पाठवलंस."

"हो."

ती समोरच्या काचेकडे वळली. काचेपलीकडे तिची मुलगी पट्ट्यांत गुंडाळलेली होती. डाव्या डोळ्याला दिसणार नाही, असं त्या सकाळी सांगितलं होतं. उजव्याचं अजून ठरायचं होतं.

टॅलिसा म्हणाली, "मिसेस बोल्डन, मी तुमची माफी..."

"माफी ठेव तुझ्याजवळ. माझी पोर उठून मागेल तेव्हा तिला दे." ग्लेंडाने पर्समधून पत्रांच्या पोचपावतीचा एक कोरा कागद काढला, मांडीवर सरळ केला आणि पेनासकट पुढे धरला. "मला नावं पाहिजेत. वकिलाला द्यायला. ज्याने ज्याने माझ्या पोरीला घरी पाठवलं त्याचं. पूर्ण लिही, हुद्द्यासकट. मला तुमची स्पेलिंगं येत नाहीत."

टॅलिसाने कागद घेतला. भिंतीला टेकवून लिहिलं: डॉक्टर मेरेडिथ कॅलोवे, संपादक. त्याखाली: डॉक्टर वॉरन एल्डरिज, विभागप्रमुख. पेन तिथेच थांबलं. मी तिच्या खांद्यामागे उभी होते. मला बोलायचं होतं: बास, पोरी, दोन पुरेत, उद्या तुला इथेच जगायचंय. ओठांपर्यंत आलं होतं.

मी बोलले नाही.

तिने तिसरी ओळ लिहिली. स्वतःचं नाव, हुद्द्यासकट. कागद ग्लेंडाच्या हातात दिला.

ग्लेंडाने तिन्ही नावं वाचली. तिसऱ्यावर तिची नजर थांबली. तिने वर पाहिलं, पण चेहरा मऊ झाला नाही; आणि का व्हावा? तिने कागदाची घडी घातली, गणवेशाच्या खिशात ठेवली आणि शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"बस," ती टॅलिसाला म्हणाली. "साडेअकराला पट्ट्या बदलतात. एकटीने बघवत नाही मला."

टॅलिसा बसली.